सदतीस आणि सोळा

साथीच्या पहिल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत सदतीस हा आनंदाचा आकडा होता. ओळखीच्या कुणाचं सॅम्पल असलं आणि पडद्यावर सदतीस दिसलं, की माझी कामावरची शेजारीण हातमोज्यातला अंगठा वर करायची. सोळा दिसलं की सगळे गप्प बसायचे. किटमध्ये घामाघूम होऊन दिवसभर उभं राहायचं, बोलायला फारसा दम उरायचा नाही. त्यामुळे आमची बोलीच आकड्यांची झाली होती. माणसाला नाव नाही, गाव नाही, नुसता "तो एकोणीसवाला" आणि "ती चौतीसवाली". आणि मी तर मुळातच उतावळी. आई म्हणते, मी वाक्य मधूनच सुरू करते आणि शेवटाला जायच्या आत उठून जाते.

त्या उतावळेपणानं एकदा माझ्याच घरात केवढा घोळ घातला, ते सांगायचं आहे.

मी भंडाऱ्याला नोकरीला. माझं माहेर पवनी तालुक्यात, आसगावला. गल्लीत तीन घरं आमचीच. एक माझ्या आई-बाबांचं, एक मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, आणि एक धाकट्या काकांचं. त्या पावसाळ्यात माझे आई-बाबा माझ्या धाकट्या भावाकडे नागपूरला अडकले होते. मोठ्या बाबांची मुलगी, माझी चुलत बहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. आणि तिची आई, माझी मोठीआई, नेमकी तेव्हाच आजारी पडली.

मोठीआई आसगावातल्या धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, बायांची पुढारी. कुणाच्या बांधीत कधी उतरायचं, ओळ कुणी धरायची, सगळं तिच्या शब्दावर. ती पॉझिटिव्ह निघाली तेव्हा तिला दहा दिवस तालुक्याच्या उपचार केंद्रात ठेवलं. नंतर नियमानं सोडलं. पुन्हा तपासणीची गरज नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंही होतं. पण आमच्याकडे तोंडी सांगण्याला किंमत नाही, कागद पाहिजे. निगेटिव्हचा कागद नाही म्हणून मोठ्या बाबांनी तिला घरात घेतलं नाही. ती स्वतःही येईना. गावच्या बंद शाळेच्या एका खोलीत ती राहू लागली. डबा फाटकावर ठेवायचा, ती नंतर येऊन न्यायची. मुलगी फाटकाबाहेरून विचारायची, "आई, कवा येशील वं?" आणि मोठीआई वऱ्हांड्यातून हात हलवायची.

मग रोवणीतल्या एका बाईला खोकला आला आणि सगळ्या बायांचे स्वॅब घ्यायला गाडी आली. धाकटी काकू त्यात होती. तिला काहीच होत नव्हतं, चांगली ठणठणीत. मोठीआईही त्या रांगेत जाऊन उभी राहिली, तो कागद मिळेल या आशेनं.

दुसऱ्या दिवशी ती सॅम्पलं माझ्याच पाळीत आली. दुपारी निकाल पडद्यावर दिसले. यादी अधिकृतपणे चढायला संध्याकाळ व्हायची, त्याआधी कुणाला काही सांगायचं नाही असा नियम. मी तो मोडला. किट उतरवून बाहेर आले, मोठ्या बाबांना फोन लावला आणि म्हणाले, "दोघींचीही पॉझिटिव्ह आली, पण मोठीआईचा नंबर सदतीस हाये अन् काकूचा सोळा. बाकी नंतर सांगते, दुसरी प्लेट लावायची हाये." ठेवला फोन. माझ्या मते मी आनंदाची बातमी दिली होती. काकूबद्दलची काळजीही त्यातच सांगून झाली होती. सदतीस म्हणजे काय आणि सोळा म्हणजे काय, हे काय सांगावं लागतं?

तासाभरानं बहिणीचा फोन आला. आवाज खुशीतला. म्हणाली, "ताई, बरं झालं तू सांगतलं. काकूचा नंबर कमी हाये न, मंग बाबानं तिलेच माह्यापाशी ठेवलं. मघापासून पाय चेपून देऊन राहिली माहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मोठ्या बाबांना साखरेचा आजार. आकडा म्हटला की त्यांना रक्तातली साखर कळते, वाढली की वाईट, उतरली की बरी. ताप तसाच, बीपी तसंच. अख्ख्या गावात कुणाला विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. मोठीआईचा पहिला आकडा चोवीस होता, तोही मीच मागे सांगितलेला. चोवीसाचे सदतीस झाले, म्हणजे आजार वाढला. काकूचा सोळाच, म्हणजे हिला थोडासाच आहे. मुलीला आता एकटं ठेवता येत नाही, कळा कधीही येतील, दोघींपैकी एकीला तर जवळ ठेवायचंच आहे. मग जिला थोडा आहे ती ठेवा. हिशेब अगदी सरळ होता, आणि नेमका उलटा.

मी मोठ्या बाबांना फोन लावला. ओरडलेच. "मोठे बाबा, काकूले आदी बाहेर काढा! सोळा म्हंजे लई जास्त असते. मोठीआई बरी झाली हाये."

"नंबर वाढला अन् आजार कमी झाला?" ते म्हणाले. "माही शुगर दोनशेवर गेली तं डॉक्टर गोळ्या वाढवते, बाई. तू मले कायले येडा बनवून राहिली? मोठीआईची माया हाये तुले, समजते मले."

आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. मी बहिणीला फोन करून सांगितलं, मास्क लाव, खिडकी उघड, काकूला अंगणात बसव. ती घाबरून रडायला लागली. मोठ्या बाबांच्या शब्दाबाहेर काकूला उठ म्हणायची तिची छाती नव्हती. मी शेजारणीच्या हाती सॅम्पलांची प्लेट सोपवली, साहेबांना घरची अडचण सांगितली आणि स्कूटी काढली.

पवनीच्या रस्त्यानं जाताना माझा स्वतःवरचा राग उतरायला वाटेतलं अड्याळ यावं लागलं. मग डोकं जरा चालायला लागलं. तेव्हा जाणवलं, की मी फोनवर छातीठोकपणे म्हणाले खरं की मोठीआई बरी झाली, पण नुसत्या सदतीसवरून तसं म्हणता येत नाही. आजाराच्या अगदी सुरुवातीलाही सदतीस येतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोच खाली घसरून अठरा होतो. स्वॅबची काडी नाकात नीट फिरवली नाही तरी येतो. आकड्याला दिवसाची जोड लागते. मोठीआईचा आधीचा चोवीस माहीत होता, म्हणजे ती उताराला लागली असणार. पण ताप नेमका कधी आला? केंद्राच्या कागदावर भरतीची तारीख होती, तापाची नव्हती. रोवणीची कामं हातची जातील म्हणून तिनं ताप लपवला होता, एवढं मला ठाऊक होतं. किती दिवस लपवला, ते तिलाच माहीत.

मी आधी मोठ्या बाबांच्या घरी गेले. उंबऱ्याबाहेरूनच काकूला हाक मारली. ती बाहेर आली, हसतमुख, हाताला तेल लागलेलं. मी तिला जमेल तेवढ्या शांतपणे सांगितलं, की काकू, तुमचा आजार आत्ता भरात आहे, तुम्हाला कळत नाही एवढंच. दोन दिवसांत कदाचित ताप येईल. तुम्ही पोरीपासून लांब व्हा.

तिचं तोंड एकदम उतरलं. "म्हंजे मी तिले देलो का रोग?" ती म्हणाली. "मले तं तुह्या मोठ्या बाबानंच बसवलं न."

मी तिला म्हणाले, चूक माझी आहे, तुमची नाही. पण तिला ते ऐकू गेलं असं वाटलं नाही. अंगणाच्या टोकाला जाऊन, पदरानं तोंड बांधून, ती पाठमोरी बसली. मला फार वाईट वाटलं. ते आजही वाटतं.

मोठे बाबा माझ्याशी बोलायला तयार नव्हते, पण माझ्या मागे मागे शाळेपर्यंत मात्र आले. मोठीआई वऱ्हांड्यात जेवायला बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस का? तिथंच थांब."

मी फाटकातूनच विचारलं, "मोठीआई, ताप कवा आला होता? खरं सांग."

तारीख तिला कधीच सांगता येत नाही. पण ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "पऱ्हे टाकले त्याच दिवशी. वाफ्यातून आलो अन् अंग फणफणलं."

"पऱ्हे किती दिवसाचे झाले?"

"आज बावीस."

यात तिची चूक होणं शक्यच नव्हतं. धानाची रोपं किती दिवसांची झाली, यावर तिचा सगळा मोसम चालतो. एक दिवस इकडचा तिकडे झाला तरी ती शिव्या घालते. बावीस दिवस. आधी चोवीस, आता सदतीस, आणि पंधरा दिवसांपासून ताप नाही. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं.

मग मी त्या दोघांना समजावायला बसले. मी म्हणाले, मशीन नाकातल्या थेंबातलं विषाणूचं सामान प्रत्येक फेरीत दुप्पट करत जातं. ते दिसण्याएवढं व्हायला किती फेऱ्या लागल्या, तो हा नंबर. काकूच्या नाकात आधीच इतकं होतं की सोळा फेऱ्यांतच दिसलं. मोठीआईच्या नाकात इतकं थोडं, की शोधायला सदतीस फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणजे आकडा रोगाचा नाही, आमच्या मेहनतीचा आहे.

मोठे बाबा म्हणाले, "पन सापडलं तं न शेवटी? हाये म्हंजे हाये."

"सापडलं ते जिवंत का मेलेलं, हे मशीनले नाई समजत, मोठे बाबा. तुकडेही सापडते."

ते मान हलवत राहिले. मी हात टेकले होते. तेवढ्यात मोठीआई म्हणाली, "म्हंजे बी तं हाये, पन उगवत नाई. असंच न?"

दरवर्षी पऱ्हे टाकायच्या आधी घरच्या बियाण्याची परीक्षा तीच घेते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या बारदान्याच्या तुकड्यात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. काही दिवसांनी उलगडून किती मोड आले ते मोजायचं. जुनं बी हातात घेतलं तर तसंच पिवळं, तसंच वजनदार दिसतं. दाणा म्हणून तो दाणाच असतो. उगवतो की नाही, ते बारदाना सांगतो. मी पदवी घेतली, मशीन चालवायचं प्रशिक्षण घेतलं, आणि हे मला एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

"असंच," मी म्हणाले. "अगदी असंच."

"मंग माहं बी बारदान्यात टाकून पाहा न."

"तशा मोठ्या प्रयोगशाळा असते, मोठीआई. तिथं विषाणू पेशींवर टाकते अन् वाढते का पाहते. आमच्याकडं ते नाई. पन ज्यायनं पाह्यलं त्यायनं सांगतलं, का इतके दिवस झाल्यावर अन् नंबर इतका वर गेल्यावर ते सहसा उगवत नाई."

"सहसा?" मोठ्या बाबांनी तो शब्द बरोबर पकडला. "म्हंजे तुमालेबी पक्कं मालूम नाई!"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण तिथं ते जमलं नाही. मी म्हणाले, "शंभरातून शंभर म्हणून नाई सांगता येत."

मोठीआई ताटावरून हात झटकत नवऱ्याला म्हणाली, "शंभरातून शंभर तं माहंबी बी कवा उगवलं नाई. म्हनून का पेरनं सोडलं आपन?"

मोठे बाबा मात्र जागचे हलले नाहीत. जन्मभर कागदावर विश्वास ठेवणारा माणूस तो. म्हणाले, "तू लिहून दे मले."

लिहून द्यायचा मला अधिकार नव्हता. तो डॉक्टरांचा. केंद्राच्या डॉक्टरांनी सोडताना दिलेला कागद मोठ्या बाबांच्याच खिशात होता, पण त्यावर निगेटिव्ह हा शब्द नव्हता. मग मी जे केलं ते कुणी करू नये, आमच्या साहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं. मी फाटक उघडलं, वऱ्हांड्यात गेले, मास्क काढला आणि मोठीआईच्या शेजारी बसून तिच्या ताटातला भात खायला लागले.

पहिला घास उचलताना माझा हात थांबला होता. सगळा हिशेब मीच मांडलेला, तरी थांबला. घरी माझा तीन वर्षांचा मुलगा होता. मनात आलं, बावीस दिवस, सदतीस, आणि तरीही समजा? मग वाटलं, मला स्वतःला पटत नसेल तर मोठ्या बाबांना कोणत्या तोंडानं सांगते आहे मी? घास तोंडात टाकला. आंबाडीची भाजी होती, गार झालेली. मोठीआई आधी "नको वं, नको" म्हणत ताट ओढू लागली, मग तिनं सोडून दिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या दिवसांत तिनं कुणाला हात लावला नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते काही केल्या थांबेना.

मोठे बाबा फाटकाशी खाकरले. म्हणाले, "जेवन झालं असंल तं चला घरी. पोरगी एकटी हाये."

त्या संध्याकाळी मोठीआई घरी गेली आणि काकू शाळेच्या त्याच खोलीत आली. यादी चढल्यावर गाडी येऊन तिला केंद्रात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. फोनवर मला म्हणाली, "तू म्हनली तसंच झालं." त्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला जास्त लागलं. तिचा आजार तापावर आणि अंगदुखीवरच निभावला. पण काकू चार तास घरातल्या खोलीत बसली होती, माझ्या बहिणीचे पाय मांडीवर घेऊन. ते चार तास मला खात होते. रोज सकाळी बहिणीला विचारायचं, घसा कसा आहे, वास येतो का. ती वैतागून म्हणायची, "येते वं, शेणाचाबी येते."

पाचव्या दिवशी तिचा स्वॅब आला. मशीन मी लावलं नाही, शेजारणीला लावायला सांगितलं. पडद्यावर बाकीच्या सॅम्पलांच्या रेषा एकेक करून वर चढायला लागल्या. अठराव्या फेरीला एक, पंचविसाव्याला दोन. तिची रेषा खाली सपाट. तीस झाल्या, सपाट. पस्तीस. चाळीस फेऱ्या संपल्या आणि मशीन थांबलं तरी ती तळाशीच होती. शेजारणीनं अंगठा वर केला नाही, तिनं मला सरळ मिठीच मारली, किटसकट. मोठ्या बाबांना फोन करताना या वेळी मी आकडा सांगितलाच नाही. म्हणाले, "पोरीले काई नाई, ती चांगली हाये."

चार दिवसांनी तिला मुलगी झाली. दवाखान्यात तिची आई शेजारीच होती.

काकूचे केंद्रातले दिवस संपून ती घरी आली, त्यानंतरच्या रविवारी मी आसगावला गेले. मोठ्या बाबांच्या ओसरीवर मोठीआई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मोठे बाबा बाजूच्या खाटेवर. काकू गल्लीतून आली आणि पायरीच्या खालीच उभी राहिली. ताप येऊन सतरा दिवस झाले होते. केंद्रानं तिला सोडलं होतं, तपासणी पुन्हा झालीच नव्हती.

"ये, घे," मोठीआई म्हणाली आणि बाळ पुढं केलं.

काकू मागं सरकली. "नको. माहा रिपोर्ट कुठं निगेटिव्ह आला? येक डाव करून बसलो पाप." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तूच सांग न."

मी सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी खाटेवरून मोठे बाबा बोलले. आमच्याकडे भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. ती समोर आली की ते मान फिरवतात, ती पदर ओढून आडोशाला जाते. काही सांगायचं असलं तर तिसऱ्याच्या तोंडून. काकू या घरात आली त्याला वीसेक वर्षं झाली असतील, या वीस वर्षांत मोठ्या बाबांनी तिला सरळ एक शब्द म्हटलेला मी ऐकला नव्हता.

"घे वं बाई पोरीले," ते तिच्याकडे बघून म्हणाले. "पाप नाई झालं तुह्या हातानं. मीच तुले तिथं बसवलो. मले समजलं नाई."

काकूनं सवयीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, ओसरीवर चढली आणि दोन्ही हात पसरले.